रास दोघांसमोर मोजा



बटईचा व्यवहार आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. जमीन एकाची, बैल आणि मेहनत दुसऱ्याची, बी-खताचा खर्च ठरल्याप्रमाणे. या व्यवहारात भांडणे होतात, फसवणूकही होते. तरीही एक रीत कोणी मोडत नाही. ज्वारीची रास खळ्यावर पडली की ती मोजताना दोघेही हजर पाहिजेत. मालकाने रात्रीतून एकट्याने रास मोजली, पोती घरी नेली आणि सकाळी निरोप धाडला की 'यंदा पीक झकास झाले, तुझ्या वाट्याला सहा पोती आली', तर त्याला भागीदारी म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते येथे छापण्याची गरज नाही.

हे आज सांगायचे कारण असे की भागीदारी हा शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. सरकारचा प्रकल्प येतो तो भागीदारीचा. जागतिक बँकेचे कर्ज येते ते भागीदारीचे. कंपनीची संस्था येते, तिच्याबरोबर शहरातली एखादी सेवाभावी संस्था येते, आणि गावातल्या गटापुढे सामंजस्य कराराचा कागद ठेवला जातो. त्यावर ठळक अक्षरात लिहिलेले असते की गरिबी कमी करणे आणि विषमता दूर करणे हा या भागीदारीचा हेतू आहे. आपल्यापैकी अनेक गावांत असे कागद आले आहेत, आणखी येणार आहेत. सही करावी की करू नये, एवढाच प्रश्न घेऊन कार्यकर्ते जिल्हा बैठकीला येतात. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की रास मोजणार कोण, कुठे, आणि कोणासमोर?

हे पाहुणे का येतात?

कंपन्यांना अचानक शेतकऱ्याचा पुळका आला, असे कोणी समजू नये. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आपल्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा नियम एप्रिल २०१४ पासून लागू झाला. पैसे कायद्याने खर्चायचेच आहेत. ते आपल्या गावात खर्चले तर त्यात वाईट काही नाही. पण ती भीक नाही आणि उपकारही नाही, हे आधी डोक्यात पक्के असावे.

याच कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट आली. ज्या कंपनीचा असा सक्तीचा खर्च १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्यावरच्या प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम काय झाला याची तपासणी बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायची. तीही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. नियम चांगला आहे. पण तो अहवाल ठेवायचा कोणापुढे? तर कंपनीच्या संचालक मंडळापुढे. पुढे तो कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडला जातो. ज्या गावात प्रकल्प झाला, त्या गावच्या ग्रामसभेपुढे तो वाचलाच पाहिजे असे नियमात कुठे नाही. म्हणजे रास आपल्या खळ्यावरची, आणि मोजणी मालकाच्या माडीवर.

ही रीत आपल्याला नवी नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तीही भागीदारीच होती. व्यापाऱ्याचा फास सुटेल, सरकार हमीभावाने कापूस घेईल, गाठी विकून वर नफा राहिला तर तो कास्तकाराला मिळेल, असे वचन होते. काही वर्षे काहींना फायदा झालाही. पण चढउतार निधी आणि भांडवली निधी अशा नावांनी कपात झाली, ग्रेडरने बोट लावले तो दर्जा ठरला, चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागले, आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी गाडी सीमेपलीकडे नेता येत नव्हती. २००२ नंतर खाजगी खरेदीची वाट मोकळी झाली, तोवर योजना हजारो कोटींच्या तोट्यात गेली होती. तीस वर्षांत या भागीदारीचा हिशेब एकदाही खरेदी केंद्राच्या काट्याजवळ उभे राहून कोणी कास्तकाराला वाचून दाखवला नाही. आम्हाला वाटते, पहिल्या पाच वर्षांत तो वाचला असता तर योजना एकतर सुधारली असती नाहीतर लवकर संपली असती. दोन्हींत कास्तकाराचा फायदाच होता.

कशाला वाढ म्हणायचे?

आता मोजायचे कसे ते पाहू. समजा, एका गावात कंपनीचा प्रकल्प आला. आधी एकरी ४ क्विंटल कापूस होत होता, प्रकल्पानंतर ६ क्विंटल झाला. अहवालात छापून येते, 'उत्पादनात ५० टक्के वाढ'. फोटोत फेटा बांधलेला कास्तकार हसतो आहे.

पण त्या वर्षी पाऊस कसा होता? समजा, दोन कोसांवरच्या गावात प्रकल्प नव्हता आणि तेथेही ४ चे साडेपाच क्विंटल झाले. मग दीड क्विंटल पावसाचा, आणि प्रकल्पाचा फक्त अर्धा. या अर्ध्या क्विंटलचे ७ हजारांच्या भावाने साडेतीन हजार रुपये. त्यासाठी जास्तीचे खत, फवारणी, डवरणी आणि वेचणी मिळून अडीच हजार खर्च झाला असेल, तर घरात उरले हजार रुपये. ५० टक्के वाढ हेही खरे आणि एकरी हजार रुपये हेही खरे. पण पोराची फी दुसऱ्या आकड्यातून भरायची असते.

कोरडवाहू शेतीत शेजारच्या गावाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नाही. पाऊस आणि बाजारभाव या दोन गोष्टी दरवर्षी आपले घर वर-खाली करतात. चांगल्या सालात प्रत्येक प्रकल्प यशस्वी दिसतो, आणि दुष्काळी सालात चांगला प्रकल्पही बदनाम होतो.

अशी तुलना केली की मोठमोठ्या गाजावाजाची हवा जाते. बायकांच्या हाती छोटे कर्ज दिले की गरिबी हटते, असे जगभर सांगितले गेले. हैदराबादच्या १०४ वस्त्या घेऊन त्यांतल्या ५२ वस्त्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून आधी कर्ज सुरू केले आणि बाकीच्यांशी ताडून पाहिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही घरांनी धंद्यात थोडी जास्त गुंतवणूक केली, टिकाऊ वस्तू घेतल्या. पण घरचा एकूण खर्च, आरोग्य, मुलांचे शिक्षण, बाईचा घरातला शब्द, यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कर्ज वाईट, असा याचा अर्थ नाही. कर्ज म्हणजे कर्ज. त्याला गरिबीमुक्ती म्हणू नये, एवढाच अर्थ.

कंझारा आणि शिरापूरच्या वह्या

मोजणी नीट झाली तर गरिबाच्या कामी येते, याचा दाखला आपल्याच मुलखातला आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून काही कोरडवाहू गावांत घरोघरच्या नोंदी ठेवल्या. त्यांत अकोला जिल्ह्यातली कंझारा आणि किनखेडा ही कापसाची गावे होती, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही रब्बी ज्वारीची गावे होती, आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातले औरेपल्ली होते. प्रत्येक गावात ४० घरे घेतली. १० भूमिहीन, १० लहान शेतकरी, १० मध्यम, १० मोठे. गावात राहून, वर्षानुवर्षे, त्याच घरांच्या नोंदी. रस्त्याकडेचा, विहीरवाला, चार शब्द बोलता येणारा कास्तकार गाठून फोटो काढला, असा तो प्रकार नव्हता.

याच वह्यांतून आपल्या रोजगार हमी योजनेची परीक्षा झाली. रोहयो ही देखील एक भागीदारीच होती. १९७२ च्या दुष्काळानंतर ती उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने शहरातल्या नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला आणि सरकारने आपला वाटा टाकला. गावातल्या मजुराने काम मागितले की ते मिळालेच पाहिजे, असा हक्क पुढे कायद्याने आला. मुंबईच्या पगारदाराचा पैसा आणि कंझाऱ्याच्या मजुराचा हक्क कायद्याने एका दाव्याला बांधले गेले.

वह्यांनी काय सांगितले? रोहयो असलेल्या गावांत भूमिहीन घरांच्या मिळकतीची वर्षावर्षातली चढउतार रोहयो नसलेल्या गावाच्या मानाने सुमारे निम्मीच होती. गरिबाला मिळकत कमी असते याहून तिचा भरवसा नसतो हे जास्त मारते. तो भरवसा येथे आला. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हालियन यांनी शिरापूर आणि कंझाऱ्याच्या नोंदींवरून आणखी बारीक हिशेब केला. मजूर रोहयोवर गेला म्हणजे त्याची दुसरीकडची थोडी कमाई बुडते. ती किती? सरासरी मजुरीच्या सुमारे चौथा हिस्सा. म्हणजे हजेरीपटावरच्या रुपयातले बारा आणे घरात खरी भर म्हणून पडले. अशा हिशेबाला आम्ही मोजणी म्हणतो.

आणि मोजणी आपल्या सोयीचेच बोलते असे नाही. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाबरोबर आली, जवळपास दुप्पट झाली. आनंद झाला. पण कामावरची हजेरी घटली. याच दोघांनी शुभम चौधरी यांच्यासह १९९३ मध्ये आकडे तपासून दाखवले की मजुरी वाढल्यावर कामे मागेल त्याला मिळेनाशी झाली होती. दर वाढला आणि हमी पातळ झाली. हे कटू होते, पण मोजले म्हणून कळले.

येथे आपल्या आतलाही एक हिशेब मांडला पाहिजे. रोहयोला आपल्यातल्याच कित्येकांनी शिव्या घातल्या, कारण निंदणीला बाया मिळेनात आणि मिळाल्या तर मजुरी जास्त मागू लागल्या. आपली तक्रार खरी होती. भावच मिळत नाही तर मजुरी द्यायची कुठून? पण ज्या योजनेने आपल्याच शेतावर राबणाऱ्या माणसाच्या घरात भरवसा आणला, तिला नुसते आपल्या अडचणीवरून मोजणे, ही मालकाच्या माडीवरचीच मोजणी झाली.

सरासरीत कोण लपते?

गरिबी कमी होणे आणि विषमता कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहीरवाल्याची मिळकत ४० हजारांनी वाढली आणि सालगड्याची हजारांनी, तर सरासरी छान दिसते आणि गावातली दरी रुंद होते. ठिबकला अनुदान मिळते ते पाणी असलेल्याला. ज्याच्याकडे पाणीच नाही त्याने नळ्या काय बांधावर वाळत घालायच्या? म्हणून आकडा मागायचा तो वर्गवारीने. भूमिहीनाचा वेगळा, कोरडवाहूचा वेगळा, बागायतदाराचा वेगळा.

बाईचाही वेगळा. निंदण तिचे, वेचणी तिची, सातबारा आणि बँकेचे पुस्तक त्याचे. मग प्रशिक्षणाला कोण जातो आणि गटाचा सभासद कोण होतो, हे सांगायला नको. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून द्या असे पुरुषांना आवाहन केले, आणि अनेक गावांनी ते केले. आपल्या यादीत मात्र आजही किती बायांची नावे आहेत, हे प्रत्येक शाखेने या बैठकीत मोजून सांगावे.

आणि काही गोष्टी कोणत्याच रकान्यात येत नाहीत. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात संकरित दुभत्या गाई वाटल्या गेल्या. चारा नाही, पाणी नाही, दूध घालायला डेअरी नाही, अशा घरी गाय बांधली गेली. कागदावर तो लाभार्थी झाला. दारात तो एका जास्तीच्या पोटाचा धनी झाला. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे गेली. त्यांत मजूरही होते, शेतकरीही. एकरी उत्पादनाचे तक्ते आम्ही पुष्कळ पाहिले. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या जिवाचा रकाना असलेला तक्ता आम्ही पाहिलेला नाही.

एक शेवटची वजाबाकी. इक्रिअर आणि ओईसीडी यांच्या २०१८ च्या अभ्यासाप्रमाणे २०००-०१ ते २०१६-१७ या काळात सरकारच्या व्यापार आणि भावविषयक धोरणांनी, अनुदाने जमेस धरूनही, भारतातल्या शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नातून सरासरी सुमारे १४ टक्के काढून घेतले. आपण उणे सबसिडी म्हणतो ती हीच. एका हाताने असे काढायचे, आणि दुसऱ्या हाताने गावात चार शेततळी देऊन गरिबी हटवण्याची भागीदारी जाहीर करायची. शेततळे घ्यावे. पण हिशेबाच्या कागदावर दोन्ही हात दिसले पाहिजेत.

आपल्या पाच अटी

सगळ्या भागीदाऱ्या खोट्या आहेत, असे आम्ही म्हणत नाही. दारात आलेल्याला हाकलून देणे सोपे आहे, त्यात गावाचे नुकसानही आहे. आमचे म्हणणे एवढेच की पुढचा कोणताही करार या अटींवर व्हावा.

पहिली अट. काम सुरू होण्याआधी गावची नोंद व्हावी आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी. यादीत आपल्याच पुढाऱ्यांचे भाऊ-पुतणे निघाले तर तेथल्या तेथे खोडावेत. हा रोग बाहेरचा नाही, आपला आहे.

दुसरी अट. प्रकल्प नसलेले, तशाच जमिनीचे आणि तशाच पावसाचे एक गाव आधीच ठरवावे आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

तिसरी अट. मोजायचे ते घरात उरलेले. प्रशिक्षणे किती झाली, टोप्या किती वाटल्या, मेळाव्याला किती आले, हे पाहुण्यांनी आपल्या घरी मोजावे. आपल्याला खर्च, कर्ज आणि मजुरी वजा जाता काय राहिले ते हवे, आणि तेही वर्गवारीने.

चौथी अट. तोट्यात वाटा. नव्या बियाण्याने, नव्या औषधाने, नव्या पिकाने नुकसान झाले, माणूस दुखावला, तर कोण किती भरणार हे करारात आकड्याने लिहावे. नफ्यात भागीदार आणि तोट्यात पाहुणा, अशा माणसाला आपण बटईला जमीन देत नाही.

पाचवी अट. प्रकल्प संपून एक वर्ष झाल्यावर पुन्हा मोजणी व्हावी, आणि तिचा अहवाल मराठीत, ग्रामसभेत, मोठ्याने वाचला जावा. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला होता. सरकारी मजुरीच्या पैशाला जे लागू होऊ शकले, ते भागीदारीच्या पैशाला का नको?

यावर कोणी म्हणेल की इतक्या अटी घातल्या तर पाहुणे दुसऱ्या गावाला जातील. काही जातीलही. म्हणूनच अटी एका गावाच्या नव्हेत, जिल्ह्याच्या पाहिजेत. एकट्या कास्तकाराच्या गाडीला काट्यावर कोणी विचारत नाही. दोनशे गाड्या एका ओळीत उभ्या राहिल्या की भावाची भाषा बदलते, हे आपण पाहिले आहे.

आणि त्यांच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. या बैठकीने एवढा ठराव करावा की जिल्ह्यातल्या निदान दहा गावांत आपली स्वतःची वही सुरू होईल. कंझाऱ्याप्रमाणेच ४० घरे, १० भूमिहीनांची, बाकीची लहान, मध्यम, मोठ्यांची. प्रत्येक घरातल्या बाईला वेगळे विचारायचे. पेरणीला एकदा, वेचणीला एकदा, आणि माल विकल्यावर एकदा. शंभर पानी वही, एक पेन, आणि गावातली शिकलेली दोन पोरे-पोरी एवढाच खर्च. दोन हंगामांनी कोणी कंपनीचा साहेब पडद्यावर रंगीत तक्ते दाखवू लागला, तर आपल्याकडे ती वही असेल.

मग त्याला मानाने सतरंजीवर बसवू, चहा देऊ, आणि म्हणू, "साहेब, तुमचे माप काढा, आमचेही काढतो. रास येथेच पडली आहे. दोघे मिळून मोजू."